दोन सूत

पुण्यातल्या कुणा दंतवैद्यानं विकायला काढलेला ट्रक
मी जालन्याला आणला, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, मिक्सरच्या खोक्यात.
हातभर लांब, मुठीएवढं इंजिन,
कुशीला चंदेरी पाइप, अजगरानं उंदीर गिळल्यासारखा
मधेच फुगलेला.
बायको म्हणाली, "बेचाळिसाव्या वर्षी?"
म्हटलं, दुरुस्तीला आलाय.
ते काही खोटं नव्हतं.

सुरू व्हायचा. निळा धूर सोडायचा,
कुंडलिकेच्या कोरड्या पात्रात पन्नास पावलं धावायचा
आणि गळा दाबल्यागत बंद.
सुई पाव फेरा आत. पाव फेरा बाहेर.
लॅबमधल्या सिरिंजनं इंधन भरायचो, पाच-पाच मिली.
कोविडातली कपाळाची बंदूक इंजिनावर रोखायचो,
तिला बेचाळीसच्या पुढं मोजताच येत नाही,
लाल होते आणि नुसतं 'हाय' म्हणते.
धुराला एरंडेलाचा वास,
लहानपणी नाक दाबून पाजायचे, तोच.
कुलथे सर गॅलरीतून विचारायचे,
"काय, संपलं का एरंडाचं गुऱ्हाळ?"

शेवटी सकलेन मिस्त्रींकडं गेलो.
एमआयडीसीच्या फाटकासमोर सायलेन्सरची वेल्डिंग,
तीस वर्षं बुलेटी आणि टमटम ऐकून
दोन्ही कान गेलेले.
मी ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी नुसता हात केला: चालू कर.
स्क्रू ड्रायव्हरची लाकडी मूठ दातांत धरली,
टोक पाइपाला टेकवलं,
डोळे मिटले.
दाढांनी ऐकत होते.

"लांब आहे," म्हणाले.
"तुम्हाला वाटतं धूर गेला म्हणजे गेला.
त्याचा धक्का पुढं जातो, अरुंद बुडावर आपटतो,
माघारी येतो.
कच्चं तेल बाहेर सांडू लागतं ना, ते आत लोटायला येतो तो.
दार लागायच्या आधी यायला पाहिजे.
तुमचा उशिरा येऊ लागला."

मी एक बोट दाखवलं. एक सूत कापा.
त्यांनी करवतीला थुंकी लावली
आणि दोन सूत कापलं.

मला रडूच यायचं राहिलं.
आता ट्रक वरच्या वेगाला किंचाळत होता, पण जागचा उठेना,
उठायच्या आधीच गुदमरायचा.
तळहातावर पडलेली ती कडी,
बारशातल्या अंगठीएवढी, अजून गरम.
"मी एक म्हणलो होतो!"
"ऐकू आलं," ते म्हणाले. "बोट दिसलं की."
पाइप आणि इंजिनामधली रबरी नळी त्यांनी सैल केली,
पाइप जरा मागं ओढला, केसभर, मग अजून केसभर,
आत दोन्ही टोकांमध्ये रिकामी फट ठेवून
नळी पुन्हा आवळली.
"कापलेलं चिकटत नाही. पण अंतर सोडता येतं.
नुसतं एकच कापलं असतं
तर मागं सरकायला जागा कुठं होती?"

रविवारी ते स्वतः आले, मोपेडवर, इस्त्रीच्या शर्टात.
ट्रक गेला.
वाळूवरून, कोरड्या शेवाळाच्या पापुद्र्यांवरून, पुलाखालून,
धुराची रेघ शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक.
मिस्त्री पुलाच्या खांबाला पंजा लावून उभे.
एकदा मान हलवली, नाही अशी.
मी सुई अगदी किंचित फिरवली.
मग मान हलली नाही.
कुलथे सरही आले होते, टोपी घालून, जरा लांब थांबून.

टाकी संपली. ट्रक पार पलीकडं, बाभळीजवळ थांबला.
आणायला निघालो तर त्यांनी बाही धरली.
"आवाज कसा होता?"

आता हे कसं सांगायचं त्यांना.
मी त्यांचं मनगट घेतलं,
शीर सापडत नसली की आम्ही टिचक्या मारतो
तशा बोटांनी वाजवत गेलो,
भराभर, न थांबता.

थोडा वेळ त्यांनी डोळे मिटले.
"नाही," म्हणाले, "याच्याहून जलद होता."
मी बोटं जलद केली.